शिरपूरची वाट आणि घोड्यांचा मुक्काम

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर अकोल्याचे जुने शहर वसले आहे. पूर्वेच्या काठावर ताजनापेठ, कचेऱ्या आणि रेल्वे स्थानक उभे राहिले ते पुढच्या काळात. मूळ गाव हेच. औरंगजेबाच्या कारकिर्दीत, 1697 साली, असदखानाने या गावाला तटबंदी घातली आणि त्याच्याच नावावरून किल्ल्याला असदगड म्हणू लागले. दहीहंडा वेस, अगर वेस ही नावे आजही येथे रोजच्या बोलण्यात आहेत. दहीहंडा आणि अगर ही दोन्ही तालुक्यातील गावे. वेस ओलांडणारा माणूस कुठे निघाला आहे, हे वेशीच्या नावातच कळावे, असा तो काळ होता.

जुन्या शहराचे पायी चालण्याशी असलेले नाते अजून तुटलेले नाही. श्रावणात राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणणाऱ्या कावडी याच गल्ल्यांतून जातात. शेगावहून आषाढीसाठी पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी अकोल्यात मुक्काम करून वाडेगाव, पातूर, मेडशी या मार्गाने जाते आणि वाटेत जैनांचे परमपवित्र क्षेत्र असलेल्या शिरपुरातही विसावते. त्या पालखीसोबत घोडे चालतात. श्वेतांबर परंपरेतील छ'री पालित संघ निघतो तेव्हाही यात्रेकरू सारे पायी चालतात. परंतु संघाच्या अग्रभागी घोडे असतात आणि रथ असतो. एकभुक्त राहणे, भूमीवर शयन करणे, सचित्त वस्तूंचा त्याग करणे, पायीच चालणे हे नियम माणसाने स्वेच्छेने घेतलेले असतात. घोड्याने कोणताही नियम घेतलेला नसतो. म्हणूनच अशा यात्रेत घोड्याचा मुक्काम कुठे आणि कसा करावा, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही; तो जीवदयेचा होतो.

मुंबईकडून येणारा लोहमार्ग 1867 साली नागपूरपर्यंत पोहोचला. त्यापूर्वी वऱ्हाडचा व्यापार जनावरांच्या पाठीवरच चालत असे. येथला कापूस बैलांच्या तांड्यांवरून शेकडो कोसांचा प्रवास करीत गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेवरचे पडाव तांड्यांच्या नायकांना तोंडपाठ असत. कोणत्या नाल्याला पौषापर्यंत पाणी राहते, कोणत्या माळावर गवत मिळते, कोणत्या गावचा पाटील तळ देतो, हे ज्ञान मालाइतकेच मोलाचे होते. फौजांचेही गणित निराळे नव्हते. 1803 साली आर्थर वेलस्लीच्या फौजेचा तळ अकोल्यास पडला आणि त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला उत्तरेकडे अडगावची लढाई झाली. हजारो घोड्यांचे लष्कर हलवताना सेनापतीला आधी दाणा-वैरण आणि पाणी पाहावे लागे. आज रस्ते रुंद झाले, तळ मात्र उरले नाहीत. गायराने आक्रसली, गावकुसाबाहेरचे हौद कोरडे पडले आणि धर्मशाळांच्या अंगणात मोटारींना जागा झाली.

जुन्या शहरातून घोड्यांसह यात्रेला निघायचे तर दोन प्रमुख दिशा मिळतात. उत्तरेला अकोट, अंजनगाव, परतवाडा या बाजूने सातपुड्याच्या कुशीतील मुक्तागिरी. बैतूल जिल्ह्याच्या हद्दीतील हे सिद्धक्षेत्र, तेथील 52 मंदिरे आणि पावसाळ्यात कोसळणारा धबधबा वऱ्हाडातील प्रत्येक दिगंबर घराला परिचित आहेत. दक्षिणेला पातूरचा घाट चढून गेले की वाशीम जिल्ह्यातील शिरपूर, अंतरिक्ष पार्श्वनाथांचे स्थान. भूमीचा आधार न घेता अधांतरी राहिलेली मूर्ती म्हणून दोन्ही संप्रदायांत तिच्याविषयी अपार श्रद्धा आहे.

उत्तरेची वाट सपाट आहे आणि नकाशावर ती सोपी वाटते. तरीही घोड्यांच्या दृष्टीने तीच अधिक कठीण आहे, कारण ती खारपाणपट्ट्यातून जाते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते खारे लागते. काठोकाठ भरलेली विहीर पाहून तळ ठोकावा आणि घोड्याने बादलीला तोंड लावून मान फिरवावी, असा प्रसंग येथे सहज येऊ शकतो. घोडा पाण्याबाबत चोखंदळ असतो. पाणी न मानवल्यास तो कमी पितो. कमी पाण्यावर सुका चारा खातो आणि मग पोटशूळाचा धोका संभवतो. घोड्याला ओकारी होत नाही; पोटात गेलेले पुढेच सरकावे लागते, ही त्याच्या शरीराची रचना आहे. त्यामुळे ज्याला माणूस किरकोळ पोटदुखी समजेल, ती घोड्याच्या जिवावर बेतू शकते. खारपाणपट्ट्यातील गावात विहिरीच्या खोलीची चौकशी करण्यापेक्षा, ‘दादा, पानी गोड हाये काय?’ हाच प्रश्न आधी विचारावा लागतो. उत्तर नकारार्थी आले तर नळयोजनेचे पाणी किती आणि केव्हा मिळेल, याची व्यवस्था ग्रामपंचायतीशी बोलून निघण्यापूर्वीच करावी लागते.

दक्षिणेची वाट सुमारे 70 किलोमीटरची. वाडेगावचे वळण घेतल्यास थोडी अधिक. घोडा एकटा असता तर हे अंतर दोन दिवसांत काटेल. परंतु संघाची गती वृद्ध श्राविकेच्या पावलांनी ठरते आणि ती घोड्यालाही मानवते. वाडेगाव, पातूर, मेडशी आणि शिरपूर असे चार टप्पे धरले की रोजची चाल 15 ते 25 किलोमीटरच्या आसपास राहते. पालखीनेही याच गावांची साखळी धरली आहे. पायी चालणारा समुदाय आणि त्याच्यासोबतची जनावरे यांना जेथे वर्षानुवर्षे सामावून घेतले गेले, त्या गावांना मुक्कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

वाडेगाव निर्गुणा नदीच्या काठी आहे आणि लिंबाच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. बागाईत गाव म्हटले की गोड पाण्याची आशा धरता येते. परंतु बागेत तळ देण्याघेण्याचा मोह दोन्ही बाजूंनी टाळावा. घोडा झाडाची साल कुरतडतो, खुराने आळी तुडवतो आणि एका रात्रीत शेतकऱ्याच्या अनेक वर्षांच्या श्रमांची हानी करतो. त्यापेक्षा खळ्याची मोकळी, टणक झालेली जागा उत्तम. पुढे पातूर हे डोंगराच्या पायथ्याचे गाव. येथील टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी सांगतात की, साधकांनी आणि वाटसरूंनी ही जागा फार पूर्वीच हेरली होती. अकोल्याच्या जुन्या शहराजवळून जी मोर्णा वाहते, तिचेच धरण पातूरजवळ पुन्हा भेटते. घाट चढण्यापूर्वी येथे एक पूर्ण दिवस विश्रांती द्यावी, असे घोड्याच्या तब्येतीकडे पाहणारा कोणीही सांगेल.

पातूर ते मेडशी हा टप्पा चढाचा आणि वनराईचा आहे. येथे मध्येच एखादी सावली आवडली म्हणून थांबता येत नाही. राखीव वनात तळ ठोकण्यास वनखात्याची परवानगी लागते; अभयारण्याच्या हद्दीत तर पाळीव जनावर नेण्यावर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत. हे निर्बंध जाचक वाटण्याचे कारण नाही. रानातील जीवांचे रोग पाळीव जनावरांना आणि पाळीवांचे रानातील जीवांना लागू नयेत, हा त्यांचा हेतू जीवदयेचाच आहे. म्हणून हा टप्पा पहाटे सुरू करून दुपारपूर्वी मेडशीस पोहोचणे आणि वस्तीलगतच तळ देणे श्रेयस्कर.

तळाची जागा पाहण्यासाठी संघ निघण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी दोन जाणती माणसे वाट चालून येतात. त्यांनी प्रथम जमीन पाहावी. वऱ्हाडची काळी माती कापसाला वरदान आहे, घोड्याला नाही. पाऊस झाला की ती खुराला चिकटून पाय जड करते, आणि वाळली की तिला भेगा पडतात. रात्री बिथरलेल्या घोड्याचा पाय अशा भेगेत अडकणे म्हणजे हाड मोडण्याचे निमंत्रण. मुरमाड, किंचित उताराचा, पाणी निथळून जाणारा माळ निवडावा. नदीच्या पात्रात कितीही मऊ वाळू असली तरी तळ देऊ नये. साचलेल्या डबक्यापासून दूर राहावे, कारण तेथे चावऱ्या माश्या असतात आणि घोड्यांतील सर्रा हा घातक रोग अशाच माश्यांमार्फत पसरतो. देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात कण्हेर असेल तर घोडे तिच्यापासून लांब बांधावेत. तिची थोडी पानेही घोड्याचा प्राण घेण्यास पुरेशी असतात.

यानंतर श्रावकाची स्वतःची दृष्टी येते. ज्या भूमीवर मेखा ठोकायच्या, तेथे मुंग्यांची वारुळे आहेत का, बिळे आहेत का, कोवळी हिरवळ आहे का, हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे लागते. लीद आणि उष्टी वैरण तशीच पडू दिली तर तेथे असंख्य जीवांची उत्पत्ती होते. ती रोज गोळा करून शेतकऱ्याच्या खताच्या खड्ड्यात द्यावी. पाण्याचा हौद किंवा पिंप रोज रिकामे करून घासावे. स्वयंपाकाचे पाणी गाळून जिवाणी मूळ जलाशयात परत पोहोचवणाऱ्या समाजाला हे नवे वाटू नये. जी शिस्त भोजनशाळेत चालते, ती चार पावले पुढे, घोड्यांच्या रांगेपर्यंत नेली की पुरे.

व्यापारी घराला हिशेब समजतो, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगणे योग्य ठरेल. 350 ते 400 किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे 25 ते 40 लिटर पाणी लागते. उन्हात आणि श्रमात त्याहूनही अधिक. दहा घोडे म्हणजे 400 लिटर, अर्थात 200 लिटरची दोन पिंपे, आणि तीही केवळ पिण्यासाठी. सुका चारा वजनाच्या साधारण दोन टक्के धरावा. म्हणजे एका घोड्याला सात-आठ किलो आणि दहा घोड्यांना रोज 70 ते 80 किलो. चार दिवसांच्या वाटेला सुमारे 300 किलो वैरण हवी. एके काळी वऱ्हाडात कडबा हवा तेवढा मिळे. आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि कडब्याच्या गंजी विरळ झाल्या. शिवाय घोड्याच्या चाऱ्यात अचानक बदल झाला तर त्याचे पोट बिघडते. तेव्हा ‘गावात मिळेल’ या भरवशावर न राहता नेहमीचा चारा गाडीने पुढच्या तळावर पाठवणे हाच व्यवहार. बुरशी आलेला कडबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. ज्वारी कापल्यानंतर बुडख्यांना फुटलेले कोवळे हिरवे फुटवे तर घोड्यापुढे मुळीच येऊ देऊ नयेत. त्यांत विषारी द्रव्य असते.

तळावर पोहोचल्यावरचा क्रमही ठरलेला असावा. आधी घोड्याला सावकाश फिरवून त्याचा श्वास खाली आणावा, खोगीर उतरवून पाठ पुसावी, खुरांत खडे अडकले आहेत का ते पाहावे. मग थोडे थोडे पाणी, त्यानंतर वैरण आणि सर्वांत शेवटी तोबऱ्यातील चंदी. माणसांच्या मंडपाचे दोर नंतर ताणले तरी चालतात. चौविहाराचे पालन करणाऱ्या संघाला सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे असते, म्हणून तो तळावर लवकर पोहोचतो. त्या नियमाचा लाभ घोड्यालाही मिळतो, कारण त्याची सारी निगा उजेडात होते. रात्रीचा प्रवास तर टाळलाच पाहिजे. अकोल्याहून पातूर-मेडशीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 अवजड वाहनांचा आहे. त्यांच्या भोंग्याने बुजलेला घोडा स्वतःला आणि यात्रेकरूंनाही संकटात टाकतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : जनावराला जखडून बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याच्या अन्नपाण्यात आडकाठी आणणे. पाठशाळेत हे पाचही मुखोद्गत करून घेतले जातात. घोड्यांसह केलेल्या यात्रेत यांतील बहुतेकांची परीक्षा तळावरच होते. आगाडी-पिछाडी इतकी आखूड बांधली की घोड्याला मान खाली घालून विसावता येऊ नये, तर तो बंध. घाटात थकून थांबलेल्या घोड्यावर चाबूक उगारला, तर तो वध. मिरवणुकीची शोभा म्हणून एकाच घोड्यावर दोघे बसवले किंवा सामानाच्या गाडीला वाजवीपेक्षा जास्त ओझे चढवले, तर तो अतिभार. आणि ‘आधी मंडळींची पंगत होऊ द्या, मग घोड्यांचे पाहू’ असे म्हटले, तर तो अन्नपाननिरोध. यांपैकी एकही गोष्ट क्रौर्याच्या भावनेने होत नाही. घाई, अज्ञान आणि विसर यांतून ती घडते. म्हणूनच तिला अतिचार म्हटले आहे आणि सावध राहण्यास सांगितले आहे.

देशाच्या कायद्यानेही हीच मर्यादा आपल्या भाषेत घालून दिली आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या नियमांनुसार जनावराला दिवसात 9 तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग 5 तासांहून अधिक राबवता येत नाही. जेथे तापमान 37 अंशांच्या पुढे जाते, तेथे दुपारी 12 ते 3 या वेळेत त्याला कामाला जुंपता येत नाही. तट्टाच्या पाठीवर 70 किलोंहून अधिक ओझे लादता येत नाही. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या घरात जातो, हे ध्यानी घेता यात्रेचा योग्य काळ कार्तिक पौर्णिमेनंतरचा, हिवाळ्याचा. चातुर्मास संपून साधुसाध्वींचा विहार सुरू होतो, नदीनाल्यांत पाणी असते आणि खरिपाची काही शेतेही मोकळी झालेली असतात.

निघण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून घोड्यांची तपासणी करून घ्यावी. ग्लँडर्स हा रोग घोड्यांकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची रक्ततपासणी झालेली असल्याशिवाय परक्या घोड्यांमध्ये आपले घोडे मिसळू देऊ नयेत. धनुर्वाताची लस दिलेली असावी. वाटेवर नालबंद मिळेलच असे नाही, तेव्हा नाल नव्याने बसवून घ्यावेत. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार हा या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. त्याच्या जेवणाची वेळ, झोपण्याची जागा आणि पांघरूण यांचीही तजवीज संघाने यात्रेकरूंइतक्याच आपुलकीने केली पाहिजे. उपाशी माणसाच्या हातून जनावराची सेवा घडत नाही.

वऱ्हाडातील जैन व्यापाऱ्यांनी पांजरपोळ आणि गोरक्षण या कार्यांना पिढ्यान्‌पिढ्या हात दिला आहे. अकोल्यातील एका मोठ्या रस्त्याचे नावच गोरक्षण रोड आहे. तीर्थांच्या वाटेवर आणि तीर्थक्षेत्री आता नव्या धर्मशाळा उभ्या राहतात. त्यांत वातानुकूलित खोल्या असतात, उद्वाहन असते, वाहनतळ असतो. दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटीही असते. त्या नकाशात एका कोपऱ्यात मुरमाची थोडी मोकळी जागा, चार कडुनिंब, पाणी भरून ठेवण्याचा एक उथळ हौद आणि घोडे बांधण्यासाठी दोन खांबांमधला मजबूत दोर एवढे वाढवले, तर खर्च एका खोलीपेक्षाही कमी येईल. संघ वर्षातून एकदा येईल. इतर दिवशी त्या हौदावर गावची गुरे पाणी पितील, पाखरे उतरतील. वाडेगाव, पातूर आणि मेडशी या तीन ठिकाणी जरी अशी व्यवस्था झाली, तरी जुन्या शहरापासून शिरपूरपर्यंतची वाट जनावरांसाठी पुन्हा नांदती होईल.

शिरपूरच्या वेशीत शिरताना मंदिराचे शिखर दिसते आणि चार दिवस चाललेल्या पावलांना वेग येतो. दर्शनाची ओढ अनावर असते, पूजेची वेळ जवळ येत असते. अशा वेळी दोन-तीन यात्रेकरूंनी मागे थांबून घोड्यांची खोगिरे उतरवावीत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवून कुठे जखम झाली नाही ना, हे पाहावे, त्यांच्यापुढे पाणी ठेवावे आणि मगच मंदिराची पायरी चढावी. दर्शनाला त्यांना अर्धा तास उशीर होईल; पण तो अर्धा तासही यात्रेतच जमा होईल.